कोरफडीची साल, चीक आणि गर: जंतुरोधक चाचणीच्या प्रकल्प नोंदी

९ डिसेंबर २०२४, लातूर

प्रकल्पाचा विषय आज नक्की झाला. कोरफडीच्या अर्काची जंतुरोधक चाचणी एम.एस्सी.च्या मुलांनी आजवर इतक्यांदा केली आहे, की मॅडम आधी "दुसरं काहीतरी बघ" म्हणाल्या. पण विभागाच्या कपाटातले जुने अहवाल चाळताना मला एक गोष्ट सारखी खटकत होती. बहुतेक ठिकाणी लिहिले आहे की पाने धुतली, वाळवली, कुटली आणि अल्कोहोलमध्ये भिजवली. म्हणजे हिरवी साल, सालीखालचा पिवळा चीक आणि आतला पारदर्शक गर, सगळे एकत्र. निष्कर्ष मात्र गराबद्दल काढलेला असतो, की जखमेवर आणि भाजल्यावर कोरफड लावणे योग्य. घरी कोणी साल वाटून लावत नाही, आणि चीक तर मुद्दाम गाळून टाकतात. चाचणी एका वस्तूची झाली आणि सल्ला दुसरीच्या वापराचा दिला गेला.

हे मॅडमना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तिन्ही भाग वेगळे करून दाखव." तेच ठरले.

जिवाणू तीन घेतले आहेत. स्टॅफिलोकोकस ऑरियस घेतला, कारण गळू आणि पिकलेल्या जखमांत तो हमखास सापडतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा भाजलेल्या जखमांत फार त्रास देतो, म्हणून तो. आणि ई. कोलाय. विभागात तिघांचे प्रमाणित एटीसीसी स्ट्रेन, म्हणजे अमेरिकेतल्या जिवाणू-संग्रहाचे क्रमांक असलेले वाण, आहेत: २५९२३, २७८५३ आणि २५९२२. रुग्णांकडून घेतलेले नमुने वापरायचे नाहीत, त्याची परवानगीही नाही आणि या प्रश्नाला त्यांची गरजही नाही.

१३ डिसेंबर

वनस्पतीची ओळख पटवून घेतली. हा भाग बरेच जण दोन ओळींत उरकतात, पण इथे घोळ होऊ शकतो. आमच्याकडे बांधावर केकताड, म्हणजे घायपात, सर्रास असते आणि नवख्या माणसाला ती मोठी कोरफडच वाटते. केकताडाचे पान चिरले की आत दोरखंडाचे वाख लागतात. कोरफडीच्या पानात असे धागे नसतात, गर अखंड निघतो. शिवाय नर्सरीत शोभेच्या कोरफडी मिळतात, त्यांची फुले लाल-केशरी असतात. मला हवी ती पिवळ्या फुलांची, एलो व्हेरा. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी फुलाचा दांडा पाहून खात्री केली आणि हर्बेरियम शीट, म्हणजे कागदावर चिकटवलेला वाळका नमुना, करून ठेवायला सांगितले.

अहवालांत एलो व्हेरा आणि एलो बार्बाडेन्सिस अशी दोन नावे दिसतात. झाड एकच. दोन्ही नावे १७६८ सालीच छापली गेली, त्यात बर्मन यांचे 'व्हेरा' काही दिवस आधीचे, म्हणून ते ग्राह्य. मूळ अरबस्तानातले हे झाड आमच्या काळ्या आणि मुरमाड, दोन्ही जमिनींत, पाण्याशिवाय उभे असते.

१९ डिसेंबर

म्युलर हिंटन अगार, म्हणजे जिवाणू वाढवायचे घट्ट माध्यम, केला. लिटरला ३८ ग्रॅम, १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह, पीएच ७.३. नव्वद मिलिमीटरच्या पेट्री प्लेटीत २५ मिलिलिटर ओतले की थर बरोबर ४ मिलिमीटर बसतो. थर पातळ झाला तर औषध आडवे जास्त पसरते आणि झोन, म्हणजे औषधाभोवतीचे जिवाणू न वाढलेले वर्तुळ, फुगलेला दिसतो, जाड झाला तर आक्रसतो. प्रयोगशाळेत मदतीला असलेल्या मामांनी टेबलाखाली पाचर लावून टेबल पाणसळीत करून दिले. तिरक्या टेबलावर ओतलेल्या प्लेटीत झोन गोल येत नाही, हे त्यांना आमच्याआधी ठाऊक होते.

मीडियासाठी डिस्टिल्ड पाणीच हवे. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण बदलले की स्यूडोमोनासवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा परिणामही बदलतो. पण डिस्टिलेशनला थंड करायला जे पाणी वाहते ते तयार होणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट जाते. २०१६ च्या एप्रिलात या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हा मी शाळेत होते, घागरी घेऊन रांगेत उभी राहायचे. ते वाहते पाणी मी मोरीत जाऊ देत नाही. पिंपात भरते आणि काचसामान पहिल्यांदा धुवायला वापरते, शेवटची धुणावळ तेवढी डिस्टिल्डची.

जिवाणूंचे द्रावण किती गढूळ हवे ते ताडून बघायला मॅकफार्लंड ०.५ चे मानकही करून ठेवले: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिलिलिटर आणि १ टक्का गंधकाम्ल ९.९५ मिलिलिटर. एवढ्या गढूळपणाला जिवाणूंची संख्या मिलिलिटरला साधारण १५ कोटी भरते.

३० डिसेंबर, औसा तालुक्यातले आमचे शेत

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळे घर शेतात. कडब्याची कोप, आत पाच पांडव, आंबील, भज्जी, उंडे. पाने घ्यायला हाच दिवस मी मुद्दाम धरला होता, कारण आज संध्याकाळी आणि उद्या पहाटे अशी दोन्ही वेळेची पाने एकाच झाडाची मिळणार होती.

दोन वेळा का, ते लिहून ठेवते. कोरफड आपली रंध्रे रात्री उघडते. दिवसाच्या उन्हात उघडली तर पाणी उडून जाईल. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उजेडात तो वापरते. म्हणून पहाटेचे पान आंबट असते, संध्याकाळी आंबटपणा उतरतो. आणि आम्लाने जिवाणू वाढायचे थांबतात, त्याला कोरफडच हवी असे नाही. झोन आला तर तो कोरफडीच्या घटकाचा की नुसत्या आंबटपणाचा, हे उघड व्हायला हवे.

पानं कापताना आजी शेजारी बसली. "काय करायलीस गं, मुळातून काप, मधून कापलं की पान नासतंय." तिने कापलेली पाने बुडखा खाली करून गवताच्या पेंढीला टेकवून उभी केली. बुडख्यातून पिवळा चीक ठिबकत राहिला. "हे पिवळं पाणी गळू द्यायचं. अंगाला लागलं की खाजतंय, पोटात गेलं की जुलाब. गर धुवूनच घ्यायचा." तो चीक मी गडद काचेच्या बाटल्यांत धरला तेव्हा तिला नवल वाटले, की टाकायची वस्तू ही पोरगी एवढी जपून का नेते. मी तिला खरे कारण सांगितले, की तुम्ही टाकता त्यात काय आहे ते बघायचे आहे. ती म्हणाली, "बघ की. पण लेकराबाळांच्या हाती लागू देऊ नको."

२ जानेवारी २०२५

पाने सोलून भाग वेगळे केले. सालीवरचा गर चमच्याने खरवडून काढला, गराच्या वड्या डिस्टिल्ड पाण्यात पिवळी झाक जाईपर्यंत धुतल्या. चीक हवेवर ठेवला की तपकिरी आणि मग काळा पडतो. बाजारात काळा बोळ म्हणून मिळतो तो हाच वाळलेला चीक.

पहाटेच्या सालीचा रस पीएच पट्टीवर संध्याकाळच्यापेक्षा स्पष्ट आंबट आला. गरात फरक होता पण थोडा. हे पटण्यासारखे आहे, कारण आम्ल साठवण्याचे काम हिरव्या पेशी करतात आणि गर हा मुख्यतः पाण्याचा साठा.

गर ओव्हनमध्ये ४० अंशांवर सुकवला, तेव्हा भांडे जवळजवळ रिकामेच दिसू लागले. ताज्या गरात ९८.५ ते ९९.५ टक्के पाणीच असते, हे वाचले होते. तरी शंभर ग्रॅममागे तळाला चिकटलेला तो पापुद्रा हातात घेतला की त्या आकड्याचा अर्थ कळतो.

८ जानेवारी

अर्क काढले. विद्रावक दोन: पाणी आणि विभागाच्या परवान्यावरचे इथेनॉल. सालीसाठी सॉक्सलेट, म्हणजे उकळत्या विद्रावकाने पुन्हा पुन्हा अर्क काढणारे काचेचे उपकरण, लावला. चिकासाठी लावला नाही. चिकातला मुख्य घटक अ‍ॅलोइन उष्णतेने आणि उजेडाने मोडतो, सॉक्सलेटमध्ये तासन्‌तास उकळला तर आपण काय तपासतो आहोत तेच कळणार नाही. म्हणून चीक गार इथेनॉलमध्ये, अंधारात, हलवत ठेवला.

आजची सगळ्यात बोलकी गोष्ट गराची. गर मिक्सरमधून काढून गाळला आणि त्यात इथेनॉल ओतले, तसे भांड्यात पांढरे ढगाळ धागे तयार झाले आणि हळूहळू खाली बसले. हे गरातले बहुशर्करी पदार्थ, त्यात मुख्य असेमॅनन. ते पाण्यात राहतात, अल्कोहोलमध्ये राहत नाहीत. पुढची पायरी म्हणजे गाळणे. व्हॉटमनच्या गाळण कागदावर हे धागे अडकतात आणि खाली येते ते 'गराचा इथेनॉल अर्क' या नावाने प्लेटीवर जाते. ज्या घटकाचे गुण सांगून गराची ख्याती आहे तो घटक कागदावरच राहिला! मी कागदावरचा साका टाकला नाही. तो पुन्हा पाण्यात विरघळवून वेगळा नमुना म्हणून चाचणीत घेणार आहे.

इथेनॉल पूर्ण उडेपर्यंत अर्क वॉटर बाथवर आणि मग डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवले. वजन स्थिर होईपर्यंत मोजत राहायचे, कारण अर्कात राहिलेले अल्कोहोल स्वतःच जिवाणू मारते.

१६ जानेवारी

रासायनिक ओळख. चिकातले घटक अमोनियाच्या गुलाबी रंगावरून ओळखायची साधी बोर्नट्रेगर चाचणी इथे नकारात्मकच येते. अ‍ॅलोइनमधली साखर कार्बनला थेट जोडलेली असल्याने साध्या आम्लाने सुटत नाही. फेरिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लासोबत उकळून, क्लोरोफॉर्मने काढून, मग अमोनिया टाकला तेव्हा वरचा थर गुलाबी-लाल झाला. बोरॅक्सच्या पाण्यात चीक टाकून अतिनील दिव्याखाली धरला तर हिरवी चकाकी. गरात यातले काहीच नाही, म्हणजे धुण्याचे काम नीट झाले आहे. सालीच्या अर्कात मात्र गुलाबी रंग आला. चिकाच्या नळ्या सालीलाच लागून असतात, साल कितीही खरवडली तरी त्या तिच्यासोबतच येतात.

टीएलसी, म्हणजे पातळ थरावर घटक ठिपक्यांत वेगळे करायची पद्धत: इथिल अ‍ॅसिटेट, मिथेनॉल आणि पाणी, १०० : १३.५ : १०. दिव्याखाली ३६५ नॅनोमीटरला अ‍ॅलोइनचा पिवळा ठिपका मध्यावर, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड फवारल्यावर वरच्या टोकाजवळ लालसर ठिपका, तो अ‍ॅलो-इमोडिन. ताज्या चिकात हा वरचा ठिपका फिका आहे. हे लक्षात ठेवायचे.

२१ जानेवारी

प्लेटी लावल्या. जिवाणूंचा स्वॅब तीन दिशांनी फिरवला, कॉर्क बोररने अगारमध्ये भोके पाडली आणि प्रत्येकात १०० मायक्रोलिटर अर्क. अर्काची ताकद मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, विरघळवायला डीएमएसओ हा विद्रावक आणि पाणी. त्याच प्लेटीवर नुसत्या डीएमएसओ-पाण्याचे एक भोक आणि १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनची चकती. ही चकती एटीसीसी २५९२३ वर १९ ते २७ मिलिमीटर आणि २५९२२ वर १९ ते २६ मिलिमीटर यायला हवी. तशी आली नाही तर त्या प्लेटीवरचे दुसरे काहीही वाचायचे नाही.

२२ जानेवारी

रात्री वीज गेली होती. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर जोडून ठेवला असल्याने तापमान टिकले. जेंटामायसिन ठरलेल्या पट्ट्यात आहे, डीएमएसओच्या भोकाभोवती काही नाही. म्हणजे प्लेटी वाचता येतात.

चिकाच्या इथेनॉल अर्काभोवती स्टॅफिलोकोकसवर स्वच्छ, धारदार कडेचा झोन. सालीच्या इथेनॉल अर्काचा त्याहून लहान. ई. कोलायवर चिकाभोवती अरुंद, धुरकट कडेचे वर्तुळ. स्यूडोमोनासवर काही नाही, हिरवट थर भोकाच्या कडेपर्यंत आलेला. गर: पाण्याचा अर्क, इथेनॉलचा अर्क, कागदावरचा साका, तिन्हींना तिन्ही जिवाणूंवर काही नाही.

स्यूडोमोनासचे नवल नाही. तो आणि ई. कोलाय ग्रॅम-निगेटिव्ह गटातले, आणि या गटातल्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते. त्यावरच्या लिपोपॉलिसॅकराइडमुळे अ‍ॅलो-इमोडिनसारखे तेलाला धार्जिणे रेणू आत शिरत नाहीत, आणि जे शिरतात त्यांना पंपासारखी प्रथिने बाहेर फेकतात. स्यूडोमोनासमध्ये हे दोन्ही बंदोबस्त पक्के.

चिकाचा झोन बघून शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "जेंटामायसिनच्या जवळपास आलाय की." दिसायला तसे दिसते. पण भोकात गेलेला अर्क ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. चकतीत औषध १० मायक्रोग्रॅम. पाचशेपट वस्तू घालून आलेले वर्तुळ शेजारी ठेवून तुलना करायची नाही. अहवालात हा हिशेब तक्त्याच्या खालीच लिहिणार, वाचणाऱ्याला शोधावा लागू नये.

२७ जानेवारी

आंबटपणाची तपासणी. पहाटेच्या सालीचा पाण्यातला अर्क ई. कोलायवर थोडा झोन देत होता, संध्याकाळचा जवळजवळ नाही. म्हणून पहाटेचा अर्क सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ वर आणून लावला. झोन गेला. उलट, मॅलिक आम्लाने तेवढेच आंबट केलेले साधे पाणी लावले, तर तसाच झोन आला. या एका जोडीने मला सगळ्यात जास्त समाधान दिले. चिकाच्या इथेनॉल अर्काचा झोन पीएच ७ वरही टिकला, म्हणजे तो आम्लाचा नाही.

मॅडम म्हणाल्या, पाने कधी कापली ती वेळ प्रत्येक अहवालात लिहायला हवी. पुढच्या बॅचच्या सूचनापत्रात ती ओळ त्यांनी लगेच घातली.

४ फेब्रुवारी

एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी मात्रा. झोनवरून 'किती लागते' ते कळत नाही. लहान रेणू अगारमध्ये लांब जातो, मोठा जागीच बसतो. असेमॅननसारखा लांबलचक रेणू भोकातून फार पुढे सरकत नाही, त्यामुळे गराला झोन नाही एवढ्यावर गराला नापास करणे त्याच्यावर अन्याय होईल. द्रव माध्यमात त्याला जिवाणूंच्या अंगाला भिडू दिले पाहिजे.

म्हणून ९६ खळग्यांच्या प्लेटीत म्युलर हिंटन ब्रॉथ, अर्काचे निम्मे-निम्मे करत विरलन, प्रत्येक खळग्यात मिलिलिटरला पाच लाख जिवाणू. दुसऱ्या दिवशी रेझाझुरिन घालायचे: निळे राहिले तर वाढ नाही, गुलाबी झाले तर वाढ. चिकाचा अर्क स्वतःच तपकिरी-लाल असल्याने वरच्या खळग्यांत रंग फसवतो. त्यासाठी जिवाणूंशिवाय अर्क अशी एक रांग शेजारी ठेवली, आणि उद्या प्रत्येक खळग्यातला थेंब साध्या अगारवरही टेकवायचा.

६ फेब्रुवारी

चिकाच्या अर्काने स्टॅफिलोकोकस मिलिलिटरला १.२५ मिलिग्रॅमला थांबला. ई. कोलायला याहून बरेच जास्त लागले, स्यूडोमोनास सगळ्यात वरच्या खळग्यातही वाढला. जेंटामायसिनने स्टॅफिलोकोकस एक मायक्रोग्रॅमच्याही खाली थांबतो. अनेक संशोधक कच्च्या अर्काला एक मिलिग्रॅमच्या वर लागले तर त्याला दुर्बळच म्हणतात. आमचा चीक त्या रेषेच्या थोडा पलीकडे पडला. मी तसेच लिहिले आहे.

अगारवरचे थेंब पाहिले तर १.२५ च्या ठिकाणी वसाहती आल्या. म्हणजे त्या मात्रेला जिवाणू थांबले होते, मेले नव्हते. मरायला चौपट लागले. माझ्या अहवालात म्हणून 'जंतुरोधक' असेच येईल.

गराच्या रांगेत सगळे खळगे गुलाबी. साक्याच्याही. आता गराबद्दल खात्रीने लिहिता येईल: या तीन जिवाणूंवर, धुतलेल्या गराचा थेट परिणाम नाही.

१२ फेब्रुवारी

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून खिडकीत पांढऱ्या बाटलीत ठेवलेला चीक आणि कपाटात गडद बाटलीतला चीक, दोन्हींची टीएलसी केली. खिडकीतल्यात अ‍ॅलोइनचा ठिपका फिका पडला आहे आणि वरचा अ‍ॅलो-इमोडिनचा ठळक झाला आहे. अ‍ॅलोइन मोडून अ‍ॅलो-इमोडिन होते आणि जंतुरोधक काम मुख्यतः त्याचेच मानले जाते. स्टॅफिलोकोकसवर खिडकीतल्या चिकाचा झोन ताज्यापेक्षा थोडा मोठा आला. म्हणजे अर्क किती जुना, कुठे ठेवलेला, यावरही निकाल हलतो. दोन कॉलेजांचे आकडे जुळत नाहीत, त्यातले निम्मे कारण कदाचित इथेच असेल.

२० फेब्रुवारी

ताजा गर, काहीही न मिसळता, निर्जंतुक बाटलीत ठेवला होता. दोन दिवसांत आंबूस वास आला, पातळ झाला, आणि अगारवर टेकवला तर भरगच्च वाढ. साखरयुक्त, ओलसर, उबदार. जिवाणूंना खायला चांगलेच. म्हणूनच कारखान्यांत पान कापल्यापासून काही तासांत गर प्रक्रियेला घेतात आणि त्यात सायट्रिक आम्ल, पोटॅशियम सॉर्बेट, सोडियम बेंझोएट घालतात. आमच्या वाड्यावरच्या एका काकू गर वाटून डबीत भरून ठेवतात आणि चार-आठ दिवस तोंडाला लावतात. त्यांना फोन करून सांगितले, रोज ताजा काढा, उरलेला टाका.

दुकानातले एक हिरवे जेलही तपासले. त्याने तिन्ही जिवाणूंवर झोन दिला, स्यूडोमोनासवरसुद्धा! डबीच्या मागे बघितले तर फिनॉक्सिइथेनॉल लिहिलेले. सौंदर्यप्रसाधनात ते एक टक्क्यापर्यंत घालतात. मी पाण्यात एक टक्का फिनॉक्सिइथेनॉल करून लावले, त्यानेही झोन दिला. डबीतल्या जेलवर प्रयोग करून कोणी कोरफडीचे गुण सांगत असेल तर त्याला हे भोक शेजारी पाडायला सांगावे.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र, सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे रस्ते भरलेले, म्हणून गावाकडे गेले. गावातल्या आरोग्यसेविका आशाताई भेटल्या. त्यांना प्रकल्पाचे कळले होते. त्यांचा प्रश्न सरळ होता, "मग आता लावायला सांगू का नको?" मार्चपासून कारखान्यांवरून ऊसतोडीची माणसे परत येतील, कोयत्याने कापलेली बोटे, पाचटाने ओरखडलेले पाय घेऊन. त्यातले कितीतरी जण आधी कोरफडच लावतात.

मी त्यांना जे सांगितले ते इथे लिहिते, कारण हा प्रकल्प त्यांच्यासाठी आहे. थोडेसे भाजले तर आधी वीस मिनिटे वाहते गार पाणी. कातडी फाटलेली नसेल तर धुतलेला ताजा गर लावायला हरकत नाही, गार वाटते, ओल टिकते. पण उघड्या जखमेतला जंतुसंसर्ग गर आवरतो, असे आमच्या प्लेटी म्हणत नाहीत. जखमा भरण्याबाबत वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये सगळ्या उपलब्ध चाचण्या तपासल्या, तेव्हा त्यांनाही भरवशाचा पुरावा पुरेसा सापडला नाही. कोयत्याची जखम साबण-पाण्याने धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे. आणि चीक जंतू थांबवतो हे ऐकून कोणी तो जखमेत भरू नये किंवा पिऊ नये. प्लेटीत जिवाणूंशेजारी माणसाच्या पेशी नव्हत्या. पोटात चीक गेला तर जोराचे जुलाब होतात, गरोदर बाईने तर घेऊच नये. अख्ख्या पानाचा अर्क आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, उंदरांवरील अभ्यासावरून, '२ बी' म्हणजे माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता या गटात ठेवला आहे.

आशाताईंनी विचारले, "तुझी आजी चीक गाळून टाकते, ते बरोबरच की मग?" हो म्हणाले. पूर्ण बरोबर. त्या चिकाचा उपयोग असलाच तर तो शुद्ध करून, मात्रा ठरवून, प्रयोगशाळेतून व्हायला हवा.

५ मार्च

उरलेली कामे. चिकाच्या अर्काबरोबर जेंटामायसिनचे प्रमाण कमी लागते का, ही चेकरबोर्ड चाचणी मॅडमनी सुचवली आहे. जिवाणूंच्या पंपांना अडवणाऱ्या रसायनासोबत वनस्पतींतले काही रेणू ग्रॅम-निगेटिव्हवरही जोरात काम करतात, हे आधी दिसून आले आहे. स्यूडोमोनाससाठी तो रस्ता मला सर्वात आशेचा वाटतो. पण रसायन महाग आहे, या सत्रात होणार नाही. पुढच्या बॅचच्या एका मुलीने नाव दिले आहे. तिच्यासाठी गडद बाटलीत चीक, त्यावर कापणीची तारीख आणि वेळ, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला आहे.

तक्ते पुन्हा मांडले. 'कोरफड अर्क' असा एकही रकाना ठेवला नाही. प्रत्येक रकान्यावर भाग, विद्रावक, कापण्याची वेळ, पीएच आणि भोकात गेलेली मात्रा. वापरलेल्या सगळ्या प्लेटी मामांनी ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, उद्या बाइंडिंगला द्यायचे.